तांबोळी सरांचा गेन

घरच्या घरी भूकंपमापक बनवणं मुळीच अवघड नाही. अवघड आहे ते त्याच्याकडून सरळ रेषेशिवाय दुसरं काही काढून घेणं. नगरमधल्या सावेडीच्या धीरज अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर राहणाऱ्या फक्रुद्दीन तांबोळी सरांना हे ज्ञान जुलैच्या पहिल्या आठवड्यात झालं. यंत्र सुरू करून आठ दिवस झाले होते, आणि आठही दिवस लॅपटॉपच्या पडद्यावर डावीकडून उजवीकडे एक हिरवी रेषा जात होती, पट्टी ठेवून मारल्यासारखी.

"हे असं इसीजीत आलं असतं, तर एव्हाना आपण नातेवाइकांना फोन केले असते," जहिराआपा म्हणाल्या.

जहिराआपा म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांची सगळी नोकरी प्राथमिक शाळेत मराठी शिकवण्यात गेली होती. घरात दोघं दखनीत बोलत, पण आपांना राग आला की त्या मराठीवर येत, आणि तीही स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. स्टोअररूमच्या दोन फरशा उखडल्या गेल्यापासून घरात मराठीच चालू होतं.

फरशा उखडणं भागच होतं. यंत्र खालच्या काँक्रीटवर बसवायचं होतं; फरशीवर बसवलं असतं तर ते फरशीचे कंप मोजत बसलं असतं, आणि फरशीच्या कंपांत विज्ञानाला रस नाही. आपांना मात्र फरशीतच रस होता.

तर यंत्र असं होतं. एक लोखंडी चौकट, तिला फाटकासारखी आडवी झुलणारी ॲल्युमिनियमची दांडी, दांडीच्या टोकाला शिशाचा गोळा, गोळ्याला चिकटवलेलं चुंबक आणि त्याच्यासमोर तांब्याच्या तारेची गुंडाळी. जमीन हलली की चौकट हलते. गोळा मात्र जडच्या जड, तो जागचा हलायचा कंटाळा करतो. या कंटाळ्यातून गुंडाळीत वीज तयार होते. ती इतकी थोडी असते की मुंगीलासुद्धा झटका बसणार नाही. म्हणून मध्ये एक ॲम्प्लिफायर लागतो. तो ही वीज शंभर पट करणार की लाख पट, हे ज्या नॉबवर ठरतं त्याला गेन म्हणतात. रेडिओचा आवाज कमी-जास्त करतो ना, तसंच. फरक एवढाच, की रेडिओवर काहीतरी चालू आहे हे आपल्याला आधीपासून माहीत असतं.

सर छत्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. भूकंपाच्या लहरी त्यांनी दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूने काढल्या, खरी लहर एकदाही पाहिली नाही. त्यातून निरोप समारंभात मुख्याध्यापक म्हणाले होते, "तांबोळी सरांचा एकही प्रयोग कधी फसला नाही, कारण त्यांनी तो कधी पूर्णच होऊ दिला नाही." सगळे हसले. सरही हसले. ते हसू दोन वर्षं त्यांच्या घशात अडकून बसलं होतं.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी मन घट्ट केलं आणि गेन शंभराचा हजारावर नेला. दहा मिनिटांत रेषा अशी उसळली की सरांचा चहा बशीत सांडला. त्यांनी घाईघाईने वहीत नोंद केली : "सकाळी १०.१२. तीव्र धक्के. एका सेकंदाला दोन या गतीने. केंद्र अतिशय जवळ."

केंद्र खरोखरच जवळ होतं. ते स्वयंपाकघरात होतं आणि खलबत्त्यात लसूण कुटत होतं.

"तू कुटायच्या आधी मला सांगत जा," सर म्हणाले.

"आधी सांगत जाऊ? अर्ज करू की नुसतं तोंडी चालेल?" आपा मराठीतच म्हणाल्या.

सरांनी गेन निम्म्यावर आणला, तर पुन्हा पट्टी. थोडा वाढवला, तर कोपऱ्यावरून जाणारी रिक्षा दिसायला लागली. आणखी वाढवला, तर समोरच्या बंगल्याचं फाटक, वरच्या टाकीचा पंप आणि शेवटी खुद्द सरांचं खुर्चीत कूस बदलणं. रात्री सामसूम असते, तेव्हा बसून पाहावं असं एका माहितगार मित्राने फोनवर सुचवलं. पण रात्री सामसूम असते तेव्हा सरही झोपलेले असतात. छत्तीस वर्षांची शिस्त होती ती.

मात्र या गोंधळात एक गोष्ट त्यांच्या शिस्तबद्ध नजरेने हेरली. रोज सकाळी ठीक साडेअकराला धक्क्यांची एक माळ सुरू व्हायची आणि बाराला थांबायची. एकसारखे, जोरकस, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. रविवारी धक्के नाहीत. सरांनी आलेख काढला. कोष्टक केलं. रविवारची सुट्टी घेणारा भूकंप त्यांच्या वाचनात नव्हता.

धीरज अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी माणसं जमतात. तिथे सरांनी हा प्रश्न निव्वळ ज्ञानाच्या ओढीने मांडला. समोर सोसायटीचे सेक्रेटरी मच्छिंद्र आढाव प्लास्टिकच्या खुर्चीत, उजवा गुडघा दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बसले होते. सरांच्या डोक्यावरचा फ्लॅट त्यांचाच. शेजारी त्यांच्या पत्नी सविता. त्या बँकेतून नुकत्याच आल्या होत्या.

"आढाव, रोज साडेअकराला तुमच्या फ्लॅटमध्ये काय असतं हो?" सरांनी विचारलं. "माझ्याकडे रेषा येतात. मिनिटाला साधारण पन्नास. कोणीतरी उड्या मारत असल्यासारख्या."

सविताबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या गुडघ्याकडे.

आता हा गुडघा म्हणजे साधा गुडघा नव्हता. गेले सात महिने तो दुखत होता. त्याच्यापायी आढावांना दळण आणता येत नव्हतं, गॅसचं सिलिंडर सरकवता येत नव्हतं, आणि सासुरवाडीला, म्हणजे पुणतांब्याला तर अजिबातच जाता येत नव्हतं, कारण तिथल्या अंगणात मांडी घालून बसावं लागतं. आणि हा गुडघा सविताबाई बँकेत गेल्यावर रोज साडेअकराला मोबाईलवर गाणी लावून झुंबा करत होता.

"मिनिटाला पन्नास?" सविताबाईंनी विचारलं.

"कधी बावन्नसुद्धा," सर उत्साहाने म्हणाले. "शनिवारी जोर जास्त होता."

आढाव त्या आठवड्यात पुणतांब्याला गेले. दोन दिवस राहिले, मांडी घालून. परत आले ते वैरी होऊनच. पहिलं काम म्हणून त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निवेदन टाकलं : "तळमजल्यावर विनापरवाना भूकंपाचे यंत्र कार्यरत असून त्यामुळे इमारतीस धोका संभवतो. सबब सभासदांनी सतर्क राहावे." भूकंपाचं यंत्र, म्हणजे भूकंप मोजणारं की करणारं, हे त्यांनी सभासदांच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडलं होतं.

दुसऱ्याच दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या रतनबाई दारात उभ्या राहिल्या. वय पंच्याहत्तर, मूळच्या राहात्याकडच्या. मुलाकडे राहायला येऊन वीस वर्षं झाली होती, पण बोलणं तिकडचंच होतं.

"मास्तर, तुमच्या मशिनीला भुईकंप आदी कळतो म्हनं?"

"आधी नाही, रतनबाई. झाल्यावर कळतो."

रतनबाईंनी यावर विचार केला. "झाल्यावर?"

"हो. झाल्यावर त्याची नोंद होते."

"मंग झाल्यावर आमाला बी कळतंच की! त्याला मशीन कशाला?"

छत्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने त्यांना इतका अडचणीचा प्रश्न विचारला नव्हता. "जे भूकंप आपल्याला कळत नाहीत ते कळतात," ते शेवटी म्हणाले.

"जे कळत न्हाईत ते कळून काय करायचं?" असं म्हणून रतनबाई निघून गेल्या. पण जाताना त्यांनी एकदा स्टोअररूमकडे मान वाकवून पाहिलं, हे सरांच्या नजरेतून सुटलं नाही.

खरा घात झाला तो गुरुवारी. त्या दिवशी सरांनी ठरवलं, की भीत भीत गेन वाढवण्यात अर्थ नाही. एकदा पूर्ण वाढवावा आणि मग हळूहळू खाली यावं. सकाळी नऊला त्यांनी नॉब शेवटपर्यंत फिरवला, एक लाख पट, आणि रेषा जरा निवेपर्यंत दाढी उरकावी म्हणून बेसिनपाशी गेले. आरशातून स्टोअररूममधला पडदा दिसत होता. अर्धी दाढी झाली आणि पडद्यावर भूकंप आला.

तसा भूकंप सरांनी फळ्यावरसुद्धा कधी काढला नव्हता. रेषा वरच्या कडेला जाऊन आदळत होती, खालच्या कडेला जाऊन आदळत होती, मध्येच थांबून पुन्हा दुप्पट जोराने उसळत होती. जमिनीचा कंप पायाला लागत नव्हता, पण सरांना ठाऊक होतं, की पहिल्या लहरी हलक्या असतात आणि खऱ्या लहरी मागून येतात. पुढचा सगळा प्रकार विज्ञानाला धरूनच झाला, एवढंच त्यांच्या बाजूने सांगता येईल.

"बाहेर पडा! सगळे बाहेर पडा! मोकळ्या जागेत चला!" असं ओरडत, लुंगी एका हाताने आणि ब्रश दुसऱ्या हाताने धरून, एका गालावर साबण असलेले तांबोळी सर जिन्यातून तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन आले. प्रत्येक दारावर ब्रशाचा पांढरा ठिपका उमटला. तीन मिनिटांत धीरज अपार्टमेंटची बारा बिऱ्हाडं रस्त्यावर होती. कोणी पोळपाट घेऊन आलं होतं, कोणी टॉवेलवर. आढावांच्या हातात सोसायटीचं मिनिट बुक होतं, आणि ते जिना उतरून सगळ्यांच्या आधी पोचले होते. सविताबाईंनी तेही लक्षात ठेवलं.

सगळे इमारतीकडे पाहत उभे राहिले. इमारत त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. पाच मिनिटं गेली.

सगळ्यांच्या शेवटी, अजिबात घाई न करता, जहिराआपा बाहेर आल्या. हातात झारा.

"भूकंप पळाला," त्या म्हणाल्या. "मी झारा दाखवला तसा दांडीवरून उतरला आणि भिंतीवर चढून ट्यूबलाइटमागे गेला. शेपूट तेवढं टाकून गेलाय. ते अजून हलतंय, कुणाला नोंद करायची असेल तर."

पाल होती. गरम ॲम्प्लिफायरजवळ ऊब घ्यायला आलेली असावी. एक लाख पट गेनवर तिने फक्त मान वळवून पाहिलं होतं.

त्या दिवशी सरांनी जेवण केलं नाही. जेवण केलं नाही म्हणजे दुपारी केलं नाही. संध्याकाळी आपांनी पुलाव केला होता. पण दाढीचा उरलेला अर्धा भाग त्यांनी दार बंद करून केला, आणि आरशात स्वतःला म्हणाले, "फक्रुद्दीन, यंत्र मोड आणि फरशा बसव." आपांनी ते दाराबाहेरून ऐकलं. त्या दखनीत म्हणाल्या, "अजी, शेपूट फेंक दी मैंने. मशीन रहने दो." महिन्याभरातलं त्यांचं ते पहिलं दखनी वाक्य होतं.

पण यंत्र मोडायचं की ठेवायचं, हे आता घरापुरतं राहिलं नव्हतं. आढावांनी तहसील कचेरीत तक्रार केली होती. सोमवारी सकाळी अकराला मोटारसायकलवरून एक गृहस्थ आले. काखेत फाइल, डोळ्यांवर दोरीचा चष्मा. ते कचेरीतून चौकशीला आले होते आणि त्यांचं नाव गोरक्षनाथ पठारे होतं. सर त्यांना आत घेऊन आले. मागोमाग आढाव साक्षीदार म्हणून आले आणि रतनबाई कुणीही न बोलावता आल्या.

"यंत्राचा परवाना?" पठाऱ्यांनी फाइल उघडली.

"परवाना लागत नाही, साहेब."

"लागत नाही, असं पत्र आहे का?"

"जे लागत नाही त्याचं पत्र कोण देणार?"

"ज्यांच्याकडे तो लागत नाही, ते," पठारे शांतपणे म्हणाले. हा माणूस दुष्ट नव्हता. बावीस वर्षांत त्यांनी पूर, आग, गारपीट आणि कोसळलेली झाडं यांचे पंचनामे केले होते. न झालेल्या भूकंपाचा पंचनामा त्यांच्याकडे पहिल्यांदाच आला होता आणि त्यांना तो नीट करायचा होता. "हे बघा सर, तक्रारीत दोन मुद्दे आहेत. एक, यंत्रामुळे भूकंप होतो का. दोन, होत नसेल तर यंत्र करतं काय. चालू स्थितीत दाखवा. काही दिसलं तर तसं लिहितो, काही नाही दिसलं तर यंत्र बंद करायला सांगून प्रकरण मिटवतो."

सरांनी पडद्याकडे पाहिलं. रेषेवर पंप होता, वरची धुलाई मशीन होती, कुणीतरी पोळ्या लाटत होतं. गेन वाढवावा तर गोंगाट, कमी करावा तर पट्टी.

"साहेब, मला शांतता लागेल," ते म्हणाले. "अर्धा तास. पूर्ण इमारतीची. तरच गेन जुळवता येईल."

आढाव हसले. "बारा बिऱ्हाडं अर्धा तास गप्प? सर, वार्षिक सभेत दोन मिनिटं श्रद्धांजलीला राहत नाहीत."

"ऱ्हातील की," रतनबाई म्हणाल्या. "न ऱ्हायला काय झालं? मास्तर बिचारं अर्ध्या दाडीनं पळालं आपल्यासाटी. खोटा का हुईना, भुईकंप आला तवा सोताच्या आदी शेजाऱ्याचं दार वाजवलं त्यांनी. तुमी वाजवलं का कुनाचं? तुमी वही घेऊन पळालात."

आढावांनी मान खाली घातली. सरांना एकदम चष्मा पुसावासा वाटला.

मग रतनबाई जिन्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी जो आवाज दिला तो यंत्रावर सव्वा मिनिट दिसत होता. पण त्याचा परिणाम झाला. पंप बंद झाला. मशिनी थांबल्या. मिक्सर थांबले. सगळी बिऱ्हाडं पार्किंगमध्ये येऊन सतरंजीवर बसली. वॉचमनने फाटकाबाहेर उभं राहून येणाऱ्या टेम्पोला पलीकडच्या गल्लीत वळवलं. मागच्या मशिदीतल्या अजानीला अजून वेळ होता, आणि कुत्रीसुद्धा का कोण जाणे गप्प होती.

स्टोअररूममध्ये सर, पठारे, आढाव आणि दारात आपा आणि रतनबाई. सरांनी नॉबवर दोन बोटं ठेवली. हजार. रेषा सरळ. पाच हजार. सरळ. दहा हजार. रेषेला बारीक केस फुटले. पठाऱ्यांनी श्वास रोखला होता. तो त्यांनी सोडला तेव्हा रेषा हलली, म्हणून पुन्हा रोखला. वीस हजार. तीस.

आणि तिथे, तीस हजारांच्या किंचित पुढे, रेषा हलायला लागली. उसळली नाही, आदळली नाही. पाळणा हलतो तशी वर गेली, खाली आली, वर गेली. सर सेकंद मोजत होते. सहा. पुन्हा सहा. पुन्हा सहा. काही लहान, काही मोठ्या, पण थांबेनात. सरांनी गेन तिथेच सोडला.

"काय आहे?" आढाव कुजबुजले. "आता मी काही करत नाहीये."

"हा समुद्र आहे," सर म्हणाले.

पठाऱ्यांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं.

"खरंच. पावसाळ्यात समुद्र खवळतो. लाटा किनाऱ्यावर आपटतात, तळावर दाब टाकतात, त्यानं जमीन हलते. ती हालचाल खडकातून सह्याद्री ओलांडून इथपर्यंत येते. पुस्तकात वाचलं होतं मी. शिकवलंसुद्धा नाही कधी, परीक्षेला नसतं म्हणून." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही बघा लाट. ही आणखी एक. आपल्या पायाखालून चाललीय."

"नगरात समुद्र?" रतनबाई म्हणाल्या. "आन् नळाला दिसाआड पानी!"

आढाव सरांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. गुडघा पूर्ण वाकला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. "सर," ते म्हणाले, "पोरं बाहेर बसलीत. त्यांना दाखवायचा का?"

मग पार्किंगमधून रांग लागली. चपला बाहेर काढून, भिंत धरून, पावलं न वाजवता माणसं येत होती, समुद्र बघत होती आणि तोंडावर हात ठेवून परत जात होती. बाहेर गेल्यावर त्यांना हसू आवरेना, पण हसलं तर समुद्र बिघडेल म्हणून सतरंजीवर सगळे नुसतेच गदगदत होते. आपा यंत्रासमोर पाटावर बसल्या त्या उठायलाच तयार नव्हत्या. "मुंबईला गेलो होतो तेव्हा एवढा जवळून नव्हता पाहिला," त्या हळूच म्हणाल्या.

पठारे कोपऱ्यात फाइलवर कागद ठेवून लिहीत होते. दोनदा त्यांनी खोडलं. शेवटी त्यांनी खाकरणं टाळून, बारीक आवाजात वाचून दाखवलं : "सदर ठिकाणी समक्ष पाहणी केली असता स्टोअररूममध्ये अरबी समुद्राच्या लाटा आढळून आल्या. लाटा नियमित असून त्यांपासून कोणतीही जीवित अथवा वित्तहानी झालेली नाही. भूकंप आढळून आला नाही. यंत्र बंद करण्याचे कारण दिसत नाही."

"पंच म्हणून सही कोण करणार?" त्यांनी विचारलं.

आढावांनी पेन मागून घेतलं. त्यांच्या सहीखाली रतनबाईंनी आपली सही केली, सावकाश, अक्षर अक्षर जोडत.

पठारे निघाले. सर त्यांना सोडायला फाटकापर्यंत आले. पठाऱ्यांनी मोटारसायकलची किल्ली लावली, पाय किकवर ठेवला आणि मग सतरंजीवर गप्प बसलेल्या बारा बिऱ्हाडांकडे बघून तो हळूच खाली घेतला. ते गाडीवरून उतरले, फाइल दातांत धरली आणि गाडी ढकलत निघाले. फाटकातून बाहेर, बंगल्यांपुढून, पार कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत. तिथे थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं आणि हात वर करून खुणेनेच विचारलं : आता चालू करू का?

तांबोळी सरांनी मागे वळून स्टोअररूमच्या खिडकीकडे पाहिलं. आतून जहिराआपांनी बोट हलवलं. सरांनी पठाऱ्यांना हात केला : अजून थोडं पुढे.